एका रेषेवरील स्पर्धा : हॉटेलिंगचे प्रतिमान, बाजारपेठ आणि राजकीय पक्ष

गोषवारा : हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये मांडलेले 'सरळ रेषेवरील दोन दुकानां'चे गणिती प्रतिमान अर्थशास्त्रात आणि राज्यशास्त्रात आजही शिकविले जाते. स्पर्धेमुळे स्पर्धक एकमेकांसारखे होत जातात, हा त्याचा सर्वपरिचित निष्कर्ष. हा निष्कर्ष कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, किंमत, स्पर्धकांची संख्या आणि विचारपरिमाणे बदलली असता तो कसा बदलतो, तसेच एकाच गणिताचे मूल्यमापन बाजारात एक आणि लोकशाहीत दुसरे का होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : स्पर्धा, गणिती प्रतिमान, समतोल, मध्यक मतदार, जागावाटप.

१. प्रस्तावना

'स्पर्धा' हा शब्द अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या दोन्ही विषयांत सारख्याच सहजतेने वापरला जातो. बाजारात विक्रेते ग्राहकांसाठी स्पर्धा करतात, निवडणुकीत पक्ष मतदारांसाठी स्पर्धा करतात, आणि दोन्ही ठिकाणी 'निवड' करणारा सामान्य माणूसच असतो. या साम्यामुळे एका क्षेत्रातील गणित दुसऱ्या क्षेत्रात नेण्याचा मोह अभ्यासकांना होणे स्वाभाविक आहे. तसे झाल्यामुळे ज्ञानात भर पडली आहे, यात शंका नाही. मात्र गणिताबरोबर त्याचे निष्कर्ष आणि त्या निष्कर्षांमागील मूल्यनिर्णयही नकळत उचलले जातात. त्यातून काही गैरसमज रूढ झाले आहेत.

आपल्या महाविद्यालयांत अर्थशास्त्राचा प्राध्यापक हे प्रतिमान स्थाननिश्चितीच्या प्रकरणात शिकवितो, राज्यशास्त्राचा प्राध्यापक ते 'मध्यक मतदाराचा सिद्धांत' म्हणून शिकवितो आणि गणिताचा प्राध्यापक गेम थिअरीतील एक उदाहरण म्हणून त्याकडे पाहतो. तिघेही एकच आकृती फळ्यावर काढतात. परंतु तिचे तीन अर्थ एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तो प्रयत्न करणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बेरीज, वजाबाकी आणि थोडा गुणाकार यांपलीकडे गणिताची गरज पडणार नाही.

२. पूर्वपीठिका

स्पर्धेचे गणिती प्रतिमान प्रथम रचण्याचे श्रेय फ्रेंच गणिती अँत्वान ऑग्युस्तँ कूर्नो यांच्याकडे जाते. १८३८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचे मालक कल्पिले. प्रत्येक मालक दुसऱ्याचे उत्पादन स्थिर आहे असे मानून आपले उत्पादन ठरवितो. मागणीची रेषा सरळ असेल आणि उत्पादनखर्च शून्य असेल, तर मक्तेदार बाजारातील जास्तीत जास्त शक्य विक्रीच्या निम्मा माल विकतो, तर दोन स्पर्धक मिळून दोन-तृतीयांश माल विकतात. स्पर्धकांची संख्या जसजशी वाढते तसतसे हे प्रमाण एककाजवळ जाते आणि किंमत उतरत जाते.

१८८३ मध्ये जोझेफ बर्त्राँ यांनी यावर आक्षेप घेतला. दोन मालकांचे पाणी हुबेहूब सारखे असेल, तर त्यांपैकी कोणीही किंमत यत्किंचित कमी केली तरी सर्व ग्राहक त्याच्याकडे जातील. मग दुसराही किंमत कमी करील, आणि ही उतरंड किंमत खर्चाइतकी होईपर्यंत थांबणार नाही. म्हणजे केवळ दोन विक्रेते असूनही नफा शून्य. प्रत्यक्षातील बाजारात असे सहसा घडत नाही. एका विक्रेत्याने किंमत पैशाने कमी केली म्हणून दुसऱ्याचे झाडून सारे ग्राहक त्याला सोडून जात नाहीत. कोणाला ते दुकान जवळ असते, कोणाला तिथला माल आवडतो, कोणाची उधारी तिथे चालते. हा मुद्दा हॉटेलिंग यांनी गणितात आणला.

हॅरोल्ड हॉटेलिंग (१८९५–१९७३) हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ व अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा 'स्पर्धेतील स्थैर्य' या आशयाच्या शीर्षकाचा लेख १९२९ मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. बर्त्राँ यांनी दाखविलेली अस्थिरता ग्राहक सर्वत्र पसरलेले आहेत हे विसरल्यामुळे निर्माण होते, अंतराचा विचार केला की स्पर्धा स्थिर होते, हे दाखविणे हा त्यांचा उद्देश होता.

३. प्रतिमानाची मांडणी

समजा, १०० एकक लांबीचा एक सरळ रस्ता आहे. त्यावर ग्राहक सारख्या घनतेने राहतात, प्रत्येक एककावर एक. रस्त्यावर 'अ' आणि 'ब' अशी दोन दुकाने आहेत. दोघांचा माल सारखा, आणि तूर्त असे मानू की किंमतही सारखी व ठरलेली आहे. अर्थातच प्रत्येक ग्राहक जवळच्या दुकानात जातो. दुकानदारांना प्रश्न एवढाच की दुकान कोठे थाटावे?

अ हे ३० व्या आणि ब हे ७० व्या एककावर असेल, तर दोघांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ५० वर, ग्राहकांची सीमा पडते. दोघांना ५०-५० ग्राहक मिळतात. आता अ ने दुकान ६० वर हलविले, तर सीमा ६५ वर जाते. अ ला ६५ ग्राहक मिळतात, ब कडे ३५ उरतात. ब स्वस्थ बसणार नाही; तो अ च्या डाव्या बाजूस ५९ वर जाईल आणि त्याला ५९.५ ग्राहक मिळतील. ही चढाओढ दोघेही ५० वर, एकमेकांना खेटून उभे राहीपर्यंत चालेल. तेथून कोणीही एकट्याने हलला तर त्याचे नुकसान होते. म्हणून ती अवस्था 'समतोल' होय. स्पर्धक इतरांच्या निर्णयाचा विचार करून आपली चाल ठरवितात आणि एकट्याने चाल बदलण्यात कोणाचाच लाभ उरत नाही, अशा अवस्थेस पुढे 'नॅश समतोल' हे नाव मिळाले.

ग्राहक सर्वत्र सारखे पसरलेले नसले तरी निष्कर्ष बदलत नाही. तेव्हा दुकाने रस्त्याच्या भौमितिक मध्यावर न येता 'मध्यका'वर येतात. म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंस निम्मे-निम्मे ग्राहक आहेत अशा बिंदूवर. मध्यक म्हणजे सरासरी नव्हे, हा भेद पुढे राजकारणाच्या चर्चेत महत्त्वाचा ठरणार आहे.

हॉटेलिंग यांनी रस्त्याचा अर्थ केवळ रस्ता एवढाच घेतला नाही. रेषा म्हणजे पेयाची गोडीही असू शकेल, आणि पक्षाचे धोरणही. अमेरिकेतील रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक हे दोन पक्ष एकमेकांसारखे का होत जातात, याचे उत्तरही त्यांनी याच रेषेत शोधले. अर्थशास्त्रीय लेखातील हा राजकीय उल्लेख पुढे एका संपूर्ण अभ्यासशाखेचे बीज ठरला.

४. किंमत बदलता येते तेव्हा

वरील मांडणीत किंमत ठरलेली होती. हॉटेलिंग यांच्या मूळ प्रतिमानात मात्र दुकानदार किंमतही ठरवितात आणि ग्राहकाला अंतरागणिक वाहतूक खर्च सोसावा लागतो. या व्यापक प्रतिमानातही दुकाने मध्याकडे सरकतात, असा त्यांचा दावा होता. तो पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकून राहिला. १९७९ मध्ये दास्प्रेमाँ, गाब्झेविच आणि तीस या तीन अभ्यासकांनी 'इकॉनॉमेट्रिका'मध्ये तो दावा टिकत नसल्याचे सिद्ध केले. त्यांचा युक्तिवाद आपल्या रस्त्यावरच तपासता येतो.

समजा, वाहतूक खर्च दर एककास १ रुपया आहे आणि उत्पादनखर्च नाही. दुकाने दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असताना हॉटेलिंग यांच्या सूत्रानुसार दोघांची किंमत १०० रुपये येते. प्रत्येकाला ५० ग्राहक, म्हणून प्रत्येकाचा नफा ५,००० रुपये. दुकाने २० व ८० वर असताना अ ला ब चे सर्व ग्राहक ओढावयाचे असतील, तर दोघांमधील ६० एककांचे अंतर भरून निघेल एवढी किंमत कमी करावी लागेल. म्हणजे ती ४० रुपयांच्या किंचित खाली आणावी लागेल. सर्व १०० ग्राहक मिळूनही नफा ४,००० रुपयांच्या आतच. तेव्हा अ असे करणार नाही, समतोल टिकतो. परंतु दुकाने ४० व ६० वर आली की अंतर २० एककांचेच उरते. अ ने किंमत ८० रुपयांच्या थोडी खाली आणली की सगळा बाजार त्याचा, आणि नफा जवळजवळ ८,००० रुपये. हा मोह तो टाळणार नाही. ब देखील हेच करील. म्हणजे दुकाने पुरेशी जवळ आली की बर्त्राँ यांनी सांगितलेली किंमतयुद्धाची अस्थिरता पुन्हा डोके वर काढते. ज्या लेखाच्या शीर्षकातच स्थैर्य होते, त्याच्या मुख्य निष्कर्षाजवळ नेमके स्थैर्यच नव्हते.

या तिघांनी आणखी एक गोष्ट दाखविली. ग्राहकाला होणारा त्रास अंतराच्या प्रमाणात न वाढता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे मानले, तर प्रत्येक ठिकाणी समतोल किंमत मिळते. पण मग दुकाने मध्यावर न येता रस्त्याच्या दोन टोकांना जातात. टोकांपासून सारख्या अंतरावरील दुकानांच्या बाबतीत समतोल किंमत त्यांच्यामधील अंतराच्या प्रमाणात असते. अंतर निम्मे झाले की किंमत निम्मी आणि नफाही निम्मा. जवळ जाण्याने काही ग्राहक मिळतात, परंतु किंमतयुद्ध पेटते. म्हणून विक्रेता प्रतिस्पर्ध्यापासून दूर, आपला वेगळेपणा जपून राहणे पसंत करतो. गृहीतक एका पायरीने बदलले आणि निष्कर्ष उलटा झाला.

येथे एक व्यवहारातील निरीक्षण तपासून पाहावयास हवे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची, तर मुंबईत झवेरी बाजारात दागिन्यांची दुकाने एकमेकांना लागून आहेत. वर्गात ही उदाहरणे हॉटेलिंग यांच्या निष्कर्षाचा पुरावा म्हणून दिली जातात. तसे करणे बरोबर नाही. या प्रतिमानात ग्राहकांची संख्या ठरलेली असते आणि माल सर्वत्र सारखा असतो. प्रत्यक्षात दागिने घेणारा माणूस दहा पेढ्या पाहून निवड करता यावी म्हणूनच त्या बाजारात येतो. दुकाने एकत्र असल्यामुळे ग्राहकांची एकूण संख्याच वाढते. हे कारण वेगळे आहे आणि त्याचे प्रतिमानही वेगळे आहे. याउलट जेथे किंमत स्पर्धकाच्या हातात नसते, तेथे हॉटेलिंग यांचे साधे प्रतिमान लागू पडण्याची शक्यता अधिक. भारतात जून २०१० पर्यंत पेट्रोलची किंमत प्रत्यक्षात सरकारच ठरवीत असे. अशा स्थितीत पंपचालकाकडे ग्राहक मिळविण्याचे मुख्य साधन उरते ते मोक्याच्या जागेचे.

५. दुकानाकडून पक्षाकडे

राजकीय पक्षाकडे किंमत नसते. मतदार मत देताना पैसे मोजत नाही. म्हणून बाजारातील किंमतयुद्धाची अडचण येथे उद्भवत नाही आणि फक्त 'जागे'ची, म्हणजे धोरणाची स्पर्धा उरते. परिणामी जो निष्कर्ष किंमत ठरविणाऱ्या दुकानदारांच्या बाबतीत टिकला नाही, तो दोन पक्षांच्या बाबतीत टिकतो.

डंकन ब्लॅक यांनी १९४८ च्या लेखात समित्यांमधील मतदानाचा अभ्यास करून दाखविले की प्रत्येक सदस्याची पसंती 'एकशिखरी' असेल, म्हणजे त्याचा एक आवडता बिंदू असून त्यापासून दोन्ही दिशांना दूर जाताना त्याची पसंती घटत असेल, तर मध्यक सदस्याचा आवडता बिंदू दुसऱ्या कोणत्याही प्रस्तावाशी झालेल्या लढतीत हरत नाही. अँथनी डाउन्स यांनी १९५७ च्या लोकशाहीच्या आर्थिक सिद्धांतावरील ग्रंथात हा विचार पक्षस्पर्धेला लावला. सत्ता मिळविण्यासाठी धोरणे मांडणारे दोन पक्ष मध्यक मतदाराकडे सरकतात, ही कल्पना तेथून सर्वत्र पसरली.

१९६४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर यांनी उघडपणे उजव्या टोकाची भूमिका घेतली आणि लिंडन जॉन्सन यांनी ६१ टक्क्यांहून अधिक मते मिळवून त्यांचा पराभव केला. ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाने १९९५ मध्ये उत्पादनसाधनांच्या सामायिक मालकीविषयीचे आपल्या घटनेतील जुने चौथे कलम बदलले आणि १९९७ मध्ये ६५९ पैकी ४१८ जागा जिंकल्या. ही उदाहरणे सिद्धांताशी सुसंगत आहेत. मात्र निवडणुकीच्या निकालामागे अनेक कारणे असतात, म्हणून ती सिद्धता नव्हेत. शिवाय हॉटेलिंग यांना एकसारखे वाटलेले अमेरिकेतील तेच दोन पक्ष आज एकमेकांपासून खूप दूर गेलेले आहेत. या वस्तुस्थितीचा विचार आठव्या भागात करू.

६. सारखेपणा : तोटा की लाभ?

दोन स्पर्धक मध्यावर एकत्र आले तर समाजाचे काय होते? हा प्रश्न दुकाने आणि पक्ष यांच्यासाठी स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. कारण उत्तरे वेगळी आहेत.

प्रथम दुकाने पाहू. दोन्ही दुकाने ५० वर असतील तर ग्राहकाला सरासरी २५ एकके चालावे लागते. तीच २५ व ७५ वर असती, तर विक्रेत्यांना ग्राहक तेवढेच मिळाले असते, पण सरासरी चाल १२.५ एककांवर आली असती. म्हणजे स्पर्धेमुळे लोकांची पायपीट दुप्पट झाली आणि त्यात कोणाचाच लाभ झाला नाही. हॉटेलिंग यांनी सारखेपणाला अपव्यय मानले ते याच कारणाने.

आता पक्ष पाहू. ग्राहक आपल्या जवळच्या दुकानात जाऊ शकतो. मतदाराला मात्र तसे करता येत नाही. त्याने कोणालाही मत दिले तरी निवडून आलेल्या पक्षाचे धोरण त्याच्यावर आणि त्याच्या विरोधकावर सारखेच लागू होते. दोन पक्ष २५ व ७५ वर उभे राहिले तर त्यांपैकी एकाचेच धोरण अमलात येईल. समजा २५ चे आले. तर त्या धोरणापासून लोकांचे सरासरी अंतर ३१.२५ एकके भरते. पक्ष मध्यावर असते तर ते २५ असते. एकच बिंदू निवडावयाचा असेल तर सर्वांच्या अंतरांची बेरीज मध्यकावर सर्वांत कमी असते, हा संख्याशास्त्रातील परिचित नियम आहे. म्हणजे जो सारखेपणा बाजारात अपव्यय ठरतो, तोच राजकारणात, निदान या मोजमापाने, समाजाच्या सोयीचा ठरतो.

आकृती एकच, समतोल एकच. तरी मूल्यमापन परस्परविरुद्ध. फरक गणितात नसून संस्थेच्या स्वरूपात आहे. बाजार अनेकांना अनेक वस्तू देऊ शकतो. राज्य सर्वांना एकच कायदा देते. 'दोन्ही पक्ष सारखेच' ही तक्रार ऐकताना हा भेद लक्षात घेतला पाहिजे. याचा अर्थ ती तक्रार निराधार आहे असा नाही. धोरणाचा पर्याय उरला नाही तर मतदाराने प्रामाणिकपणा, कार्यक्षमता किंवा केवळ ओळख यांवर निवड करावयाची का, हा प्रश्न उरतोच. शिवाय रेषेच्या टोकाला असलेल्या, अल्पसंख्य पण तीव्र गरज असलेल्या समूहाकडे मध्यकाचे गणित लक्ष देत नाही. अंतरांची बेरीज कमी असणे आणि न्याय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७. तिसरा स्पर्धक आणि जागावाटप

आतापर्यंतचे विवेचन दोन स्पर्धकांचे होते. तिसरा आला की चित्र बदलते. तीन पक्ष ४०, ५० व ६० वर आहेत असे समजू. डावीकडच्याला ४५, उजवीकडच्याला ४५ आणि मधल्याला अवघी १० मते मिळतात. मध्यकावर उभा असलेलाच सर्वांत दुबळा. तो उडी मारून ३९ वर गेला की त्याला ३९.५ मते मिळतात. आता ४० वरचा पक्ष दोघांच्या मध्ये सापडतो आणि त्याच्याकडे १०.५ मते उरतात. मग तो बाहेर पडतो. बाहेरचे दोघे सतत आत सरकू पाहतात, आतला सतत बाहेर पळू पाहतो. मतदार सारखे पसरलेले असताना तीन स्पर्धकांना स्थिर समतोल सापडत नाही. एटन आणि लिप्सी यांनी १९७५ मध्ये स्पर्धकांची संख्या बदलत जाते तेव्हा काय घडते याचा पद्धतशीर अभ्यास केला. चार स्पर्धक असतील तर त्यांपैकी दोन २५ वर आणि दोन ७५ वर एकत्र येतात. मध्यावर कोणीच राहत नाही. 'स्पर्धक मध्यावर येतात' हे विधान दोन या संख्येचे अपत्य आहे.

त्यात निवडणूक पद्धतीची भर पडते. ज्या मतदारसंघात सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार विजयी होतो, तेथे मतांचे प्रमाण आणि जागांचे प्रमाण यांत मोठी तफावत पडू शकते. १९८३ च्या ब्रिटिश निवडणुकीत मजूर पक्ष डावीकडे सरकलेला होता आणि मध्याची जागा लिबरल व सोशल डेमोक्रॅटिक पक्षांच्या आघाडीने घेतली होती. मजूर पक्षाला २७.६ टक्के मते व २०९ जागा मिळाल्या. या आघाडीला २५.४ टक्के मते मिळूनही जागा फक्त २३. हुजूर पक्षाने ४२.४ टक्के मतांवर ६५० पैकी ३९७ जागा जिंकल्या. अशा पद्धतीत लहान पक्ष गळून पडतात आणि मतदारही मत वाया जाऊ नये म्हणून मोठ्या दोघांकडे वळतात, असे प्रतिपादन मोरिस द्यूवेर्जे यांनी १९५१ मध्येच केले होते.

भारतातही हीच पद्धत आहे. परंतु येथे पक्ष गळून पडण्याऐवजी बहुधा आघाड्या करतात. महाराष्ट्र हे त्याचे बोलके उदाहरण. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस एकत्र होते, शिवसेना व भारतीय जनता पक्ष एकत्र होते. काँग्रेसला ८२ आणि राष्ट्रवादीला ६२, मिळून २८८ पैकी नेमक्या १४४ जागा मिळाल्या. २०१४ मध्ये निवडणुकीपूर्वी दोन्ही युत्या तुटल्या व चारही पक्ष स्वतंत्रपणे लढले. भाजपला सुमारे २८ टक्के मते आणि १२२ जागा मिळाल्या. शिवसेनेला ६३, काँग्रेसला ४२ व राष्ट्रवादीला ४१. म्हणजे सुमारे २८ टक्के मतांवर ४२ टक्के जागा. येथे निर्णायक ठरलेला प्रश्न 'रेषेवर कोठे उभे राहावे' एवढाच नव्हता. 'कोणत्या मतदारसंघात उभे राहावे आणि कोणता दुसऱ्यास सोडावा' हाही होता. हॉटेलिंग यांच्या प्रतिमानात स्पर्धकांची संख्या बाहेरून दिलेली असते. महाराष्ट्रात ती संख्या हाच वाटाघाटींचा विषय असतो.

आणि येथेही मूल्यमापनाचा तोच भेद पुन्हा दिसतो. दोन कंपन्यांनी आपसांत ठरवून एकीने विदर्भात आणि दुसरीने कोकणात माल विकावा असा करार केला, तर तो भौगोलिक बाजारपेठ वाटून घेण्याचा प्रकार ठरतो आणि भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ च्या तिसऱ्या कलमाच्या कक्षेत येतो. दोन पक्षांनी मतदारसंघ वाटून घेतले तर त्यास आपण जागावाटप म्हणतो आणि ते वैध मानतो. गणिताच्या दृष्टीने दोन्ही कृती एकच आहेत : स्पर्धकांची संख्या संगनमताने कमी करणे. बाजारात त्यामुळे ग्राहकाचा पर्याय हिरावला जातो आणि किंमत चढते. राजकारणात पर्याय कमी होतोच, पण मतविभागणीमुळे अल्पमताचा उमेदवार निवडून येण्याची शक्यताही कमी होते. कोणता परिणाम अधिक वजनदार मानावयाचा, हे समीकरण सांगत नाही.

८. रेषेच्या मर्यादा

पहिली मर्यादा सर्व मतदार मत देतात या गृहीतकाची. समजा, पक्ष ३० एककांहून दूर असेल तर मतदार घरीच बसतो. दोन्ही पक्ष ५० वर असतील तर ० ते २० आणि ८० ते १०० या पट्ट्यांतील ४० मतदार मत देत नाहीत आणि प्रत्येकाला ३० मते मिळतात. डावा पक्ष ४० वर सरकला तर त्याची मते ३५ होतात. परंतु प्रतिस्पर्ध्याचीही ३५ होतात. म्हणजे पक्षाला आपली मते वाढवावयाची असतील तर टोकाकडे सरकण्यात लाभ आहे, केवळ प्रतिस्पर्ध्यावर आघाडी हवी असेल तर नाही. पक्षाचे उद्दिष्ट काय मानले यावर उत्तर बदलते. अमेरिकेत उमेदवाराला प्रथम पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक जिंकावी लागते, आणि तेथील मध्यक मतदार हा देशाचा नव्हे तर त्या पक्षाच्या समर्थकांचा मध्यक असतो. पक्षांमधील वाढत्या अंतराचे हेच एकमेव कारण नव्हे. परंतु साधे प्रतिमान कोठे अपुरे पडते हे त्यातून कळते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. सर्व राजकीय भूमिका एकाच रेषेवर मांडता येतात का? तीन मतदार आणि सिंचन, रस्ते व शाळा असे तीन प्राधान्यक्रम घ्या. पहिल्याचा क्रम सिंचन, रस्ते, शाळा. दुसऱ्याचा रस्ते, शाळा, सिंचन. तिसऱ्याचा शाळा, सिंचन, रस्ते. सिंचन रस्त्यांना दोन विरुद्ध एक मतांनी हरविते, रस्ते शाळांना हरवितात आणि शाळा सिंचनाला हरवितात. बहुमत गोल फिरत राहते. हा विरोधाभास कोंदोर्से यांनी १७८५ मध्येच दाखविला होता. रिचर्ड मॅकेल्वी यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले की विचारपरिमाणे एकाहून अधिक असतील तर अपवाद वगळता बहुमताच्या पायऱ्यापायऱ्यांनी कोणत्याही धोरणापासून कोणत्याही धोरणापर्यंत जाता येते. मग पायऱ्यांचा क्रम कोण ठरवितो, म्हणजे मतदानास कोणता विषय आधी येतो, यालाच महत्त्व प्राप्त होते. आर्थिक धोरण, जात, प्रदेश, भाषा अशा अनेक परिमाणांवर उभ्या असलेल्या आपल्या राजकारणाला 'डावे–उजवे' ही एकच रेषा लावण्यापूर्वी याचे भान असणे अगत्याचे आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, स्पर्धेमुळे सारखेपणा येतो हा निष्कर्ष दोन स्पर्धक, ठरलेली किंमत, एकच परिमाण आणि सर्वांचा सहभाग या चार गृहीतकांच्या आधारे मिळतो. त्यांपैकी एकही बदलले तर तो ढासळू शकतो. दोन, किंमत ठरविणाऱ्या विक्रेत्यांसाठी दोषयुक्त ठरलेले प्रतिमान द्विपक्षीय निवडणुकीसाठी अधिक समर्पक ठरते. तीन, एकच समतोल बाजारात अपव्यय आणि राजकारणात तडजोड ठरू शकतो. तसेच एकच करार बाजारात संगनमत आणि राजकारणात युती ठरतो. हे निर्णय गणिताच्या बाहेरचे आहेत आणि ते उघडपणे, कारणे देऊन घेतले पाहिजेत.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सूचना करावीशी वाटते. हे प्रतिमान शिकविताना निष्कर्षापाशी न थांबता विद्यार्थ्यांकडून गृहीतके एकेक करून बदलून घ्यावीत आणि निष्कर्ष कोठे कोसळतो ते त्यांनाच शोधू द्यावे. गणित, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या तीन विभागांनी एखादी तासिका एकत्र घेतल्यास ते सहज साध्य होईल. फळ्यावर लागते ती एक रेषा आणि दोन बिंदू. तिसरा बिंदू विद्यार्थ्याला काढू द्यावा.